मन आणि जठर

परीक्षेचा आठवडा आला कीं कित्येक मुलांचें पोट दुखूं लागतें. घरचीं माणसें ह्यास ढोंग म्हणतात. आमच्या मतें हा शब्द फार घाईनें वापरला जातो. कारण मनांतील भय जठरावर खरोखर परिणाम करितें, हें एका डॉक्टरानें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलेलें आहे.

अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर १८२२ सालीं अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या एका तरुण नोकराच्या अंगांत चुकून बंदुकीचा बार शिरला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमॉन्ट ह्यांनीं त्याचे प्राण वांचविले. पण जठरास पडलेलें छिद्र कायमचें उघडें राहिलें. त्या छिद्रांतून बोमॉन्ट ह्यांनीं पुढें अनेक वर्षें पचनाचें निरीक्षण केलें व १८३३ सालीं तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. राग किंवा भय उत्पन्न झालें म्हणजे जठराचें अस्तर कधीं लाल व कोरडें पडे, कधीं फिकट दिसे, आणि पाचकरस नीट सुटत नसे. (त्या बिचाऱ्यास ह्या प्रयोगांचा कंटाळा येई, तो रागावला ह्यांत नवल तें काय?)

ह्याचें कारण असें. भय वाटतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तांत उतरतें. हृदय जलद चालतें, रक्त स्नायूंकडे धांवतें आणि जठराचें काम मंदावतें. मोठ्या आंतड्याची हालचाल मात्र वाढते. पेपरापूर्वीं शौचकूपाकडे होणारी धांवपळ ही तिचीच साक्ष!

इतकें ऐकून कोणी सर्वच रोगांचें खापर मनावर फोडूं लागेल, तर तेंही चूक होईल. जठरांतील व्रण, ज्यास अल्सर म्हणतात, तो काळजीनें व दगदगीनें होतो, असें विसाव्या शतकांत दीर्घकाळ मानीत. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन ह्यांस अशा जठरांत वळणदार जंतु आढळले. बॅरी मार्शल ह्यांनीं ते बशींत वाढवूं पाहिले, पण यश येईना. १९८२ सालीं ईस्टरच्या सुट्टीमुळें बशा कांहीं दिवस अधिक तशाच राहिल्या, आणि जंतु वाढलेले दिसले! १९८४ सालीं मार्शल स्वतःच ते जंतु प्याले. थोड्याच दिवसांत त्यांस वांत्या होऊन जठराचा दाह झाला. उभयतांस २००५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आतां अशा जंतुजन्य व्रणांवर ॲन्टिबायॉटिक औषधें देतात.

तोंपर्यंत मात्र किती रोग्यांनीं दुखणें सोसलें, आणि शिवाय "तुमच्याच काळजीनें हें झालें" हा ठपकाही सोसला, ह्याचा हिशेब कोणी ठेवावा?

म्हणून मुलाचें पोट गणिताच्या दिवशींच दुखत असेल, तर त्यास रागें न भरतां जवळ बसवून त्याची भीति विचारावी. परंतु वजन घटत असेल, शौचास काळें होत असेल किंवा दुखण्यानें रात्रीं झोप मोडत असेल, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहतां त्यास डॉक्टरांकडे न्यावें.