आधी तारीख, मग गाऱ्हाणं

डॉक्टरांच्या पाटीवर हाडांचे, डोळ्यांचे, लहान मुलांचे असं लिहिलेलं असतं. वकिलाच्या पाटीवर अमुक कामातला तज्ज्ञ असं लिहायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. ज्याचा शेताच्या बांधावरून तंटा आहे त्याचं यामुळे फारसं अडत नाही, कारण चार दिवाणी वकिलांची नावं गावात कुणीही सांगतो. पण ज्याच्या मुलाला पोलिसांनी कारण न सांगता उचलून नेलं, किंवा ज्याला आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारली, त्यानं कुणाचं दार ठोठवायचं?

अमेरिकेत यासाठी 'सिव्हिल राइट्स अॅटर्नी' म्हणून वकिलांचा वेगळा वर्गच आहे. १८७१ सालच्या एका कायद्यानं तिथल्या माणसाला हक्क तुडवणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येतो आणि तो जिंकला तर वकिलाची वाजवी फी हरलेल्या बाजूकडून देववण्याची मुभा १९७६ पासून कोर्टाला आहे. त्यामुळे फाटक्या खिशाचा अशीलही तिथे दारातून परत जातोच असं नाही. आपल्याकडे 'सिव्हिल' म्हटलं की दिवाणी आठवतं, आणि मिळणाऱ्या भरपाईत वाटा ठरवून काम घ्यायला वकिलांना बंदी आहे. बंदी योग्यच आहे असं माझं मत. पण तिच्यामुळे गरिबाची वाट अरुंद होते हेही खरं.

ही वाट कशी असते ते मी गेल्या वर्षी जवळून पाहिलं. आमच्या बँकेच्या शाखेतून दफ्तरी म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरी आले. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, आणि पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायला जाणारा. एका चोरीच्या संशयावरून त्याला ठाण्यात नेलं, दोन रात्री ठेवलं, तळपायांवर मारलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सोडून दिलं. अटक दाखवलेली नव्हती. हातात एक कागद नव्हता. "साहेब, वकिलाकडं जायचंय. तुम्ही नुसतं शेजारी बसा. तुम्हाला कागद कळतात," दफ्तरी म्हणाले.

वकील शोधायला मी कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टपाशी गेलो. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असेल, टायपिस्टच्या नसते. पोलिसांविरुद्ध कोण उभं राहतं, एवढंच विचारलं. त्यानं यंत्रावरून मान न उचलता दोन नावं सांगितली आणि पुस्ती जोडली की त्यातले एक हल्ली सरकारची कामं घेतात. ही पुस्ती फार मोलाची होती. ज्यांच्याविरुद्ध जायचं त्यांचंच काम याच वकिलाकडे आहे का, हा प्रश्न पहिल्या भेटीत सरळ विचारावा. चांगल्या वकिलाला त्याचा राग येत नाही. दुसरं नाव एका वकीलबाईंचं होतं. त्यांनी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली.

मधले दिवस आम्ही तयारीत घालवले. मी दफ्तरींना दोनशे पानी वही आणायला सांगितली आणि तिच्यात चार रकाने आखून दिले : तारीख-वेळ, काय घडलं, कुणी पाहिलं, कागद कोणता. खतावणीची सवय, दुसरं काय! पण रागावलेला माणूस नेहमी शेवटापासून बोलायला लागतो, त्याला सुरुवातीला आणण्याचा दुसरा उपाय मला माहीत नाही. पहिल्या संध्याकाळी अर्धं पानही भरलं नाही. दफ्तरी म्हणत, "संध्याकाळी नेलं." संध्याकाळी म्हणजे किती वाजता? त्यांना सांगता येईना. तेव्हा आतून त्यांची बायको म्हणाली, "नळाला पाणी होतं. दुसरी घागर भरत होते." पाणी सहा ते पावणेसात. वेळ सापडली. मग मोठ्या मुलानं आपल्या फोनमधला कॉल दाखवला, सहा वाजून अडतीस मिनिटांचा, "भावाला नेलंय" असं सांगणारा. आणि मग दफ्तरींना आठवलं की रात्री ठाण्यासमोरच्या गाडीवर त्यांनी दोन चहा घेतले होते आणि पैसे मोबाइलवरून दिले होते. वीस रुपये, रात्री नऊ बेचाळीस. ती नोंद पाहून मला जो आनंद झाला तो त्या प्रसंगाला शोभणारा नव्हता. पण ज्यानं छत्तीस वर्षं व्हाउचर जुळवली त्यालाच तो कळेल. बाप त्या रात्री ठाण्यासमोर होता, हे आता बापाच्या शपथेवर अवलंबून राहिलं नव्हतं.

हक्काची लढाई कागदावर जिंकायची असते, हे आपल्याकडे नवीन नाही. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला तो आपण शाळेत शिकतो. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या स्पृश्यांनी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला, तो मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. तळं आमचं, वहिवाट फार जुनी, असं वादींचं म्हणणं. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर आणि स्वतःच प्रतिवादी. दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल लागला : तळं नगरपालिकेचं आहे आणि कायद्याला लागते तशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. दहा वर्षं. मालकीच्या नोंदी आणि वहिवाटीचा पुरावा यांवर तो दावा तुटला.

आमच्या वहीत एक कागद अडचणीचा होता. सुटून आल्या दिवशी आईनं मुलाला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, पडून लागल्याचं रुग्ण सांगतो. मुलानं तसंच सांगितलं होतं, दवाखान्याच्या दारात एक शिपाई उभा होता म्हणून. दफ्तरींना तो कागद घरीच ठेवायचा होता. "हा दाखवला तर केस गेली, साहेब." कर्जाच्या अर्जाबरोबर लोक जाडजूड फाइल आणत आणि एक कागद घरी विसरून येत, ते मला आठवलं. मी म्हटलं, तो सगळ्यात वर ठेवा.

वकीलबाईंच्या खोलीत आम्ही सगळे कसेबसे मावलो. आईनं पदर सावरून "देवाशपथ सांगते" अशी सुरुवात केली. बाईंनी तिचं दोन मिनिटं ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं, "तारीख?" मी वही पुढे सरकवली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर केसपेपर उचलला आणि खाली, दोन ओळींखाली, बोट ठेवलं. तिथे डॉक्टरांनी जखमांचं वर्णन केलं होतं : दोन्ही तळपायांवर आडवे, समांतर वळ. "पडल्यावर असे वळ उठत नाहीत," बाई म्हणाल्या. ज्या कागदाला दफ्तरी घाबरत होते तोच त्यांनी वेगळ्या पाकिटात घातला.

त्यांनी ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचा खटला सांगितला. त्यांच्या मुलाला १९८७ मध्ये पोलिसांनी नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेरुळावर सापडलं. तो पळून गेला आणि गाडीखाली आला, असं पोलिसांचं म्हणणं. या आईनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, तीच याचिका मानली गेली. वैद्यकीय पुराव्यानं पोलिसांची हकीगत टिकली नाही आणि १९९३ मध्ये न्यायालयानं दीड लाख रुपये भरपाई देववली. दफ्तरींच्या बायकोनं एवढंच विचारलं, "पत्र तिनं स्वतः लिहिलं?"

मग बाईंनी मला दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. मी जरा चमकलो, कारण वही माझी होती! पण त्यांचं बरोबर होतं. अशील वकिलाला जे सांगतो ते वकिलाला उघड करता येत नाही; जुन्या पुरावा कायद्याच्या जागी जुलै २०२४ पासून नवा आला तरी हे संरक्षण कायम आहे. पुढे करायच्या गुन्ह्याचा बेत सांगितला तर मात्र ते मिळत नाही. शेजारी बसलेल्या निवृत्त साहेबाला असं कुठलंच बंधन नाही. आत मुलगा काय बोलला ते मला आजही ठाऊक नाही, आणि ते तसंच असावं.

पुन्हा आत गेलो तेव्हा त्या मुदती सांगत होत्या. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपायचा आदेश दिला. म्हणून ते जपून ठेवा असा अर्ज त्याच दिवशी, पोच घेऊन. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला फी नाही, पण घटनेपासून वर्ष उलटल्यावर आयोग चौकशी करू शकत नाही. अटकेचा वेळ-तारखेसह कागद करायचा, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, हा १९९६ च्या डी. के. बसू निकालातला दंडक. आमच्याकडे तो कागदच नव्हता, आणि बाईंच्या मते तो नसणं हाही एक पुरावा होता. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची आणि आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटू देण्याची हमी तर घटनेच्या बाविसाव्या कलमातच आहे. गंमत अशी, की कारणाशिवाय अटक करू नये असं न्यायालयानं १९९४ मध्ये ज्या जोगिंदर कुमारांच्या प्रकरणात बजावलं, ते स्वतः अठ्ठावीस वर्षांचे वकील होते. वकिलाची ही गत, तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराचं काय!

पैशांचं दफ्तरींना विचारवेना, ते मी विचारलं. फी टप्प्याटप्प्यानं किती, झेरॉक्स-टायपिंग वेगळं का, पावती मिळेल ना. बाईंनी आकडे कागदावर लिहून दिले. न परवडल्यास काय, तेही त्यांनीच सांगितलं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग आणि कोठडीतला कुणीही यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे, फोन १५१००. मोफतचा वकील म्हणजे हलका, ही समजूत मात्र टाकून द्यावी. त्यात माणसं डावी-उजवी असतात, जशी फी घेणाऱ्यांतही असतात. वकालतनामा दफ्तरी न वाचताच सही करायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि मूळ कागद हातचे सोडू नयेत. बाईंनी झेरॉक्स ठेवून घेतल्या आणि मूळ कागद पिशवीत परत दिले.

शेवटी त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?" याचं उत्तर आमच्या वहीत नव्हतं. दफ्तरी म्हणाले, त्या फौजदाराला घरी बसवा. आई म्हणाली, पुन्हा आमच्या दारात जीप यायला नको, बाकी काही नको. मोठा भाऊ भरपाईचं बोलला. या तीन मागण्यांचे रस्ते तीन आहेत, आणि काही ठिकाणी ते एकमेकांना आडवे जातात. फौजदारी तक्रार केली तर जीपची भीती लगेच जाणार नाही. तडजोड केली तर भरपाई सुटेल.

मुलगा इतका वेळ गप्प होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तक्रार केली तर मला भरती देता येईल का?"

घरातल्या तिघांपैकी कुणालाच हे माहीत नव्हतं, की त्याला अजूनही पोलीसच व्हायचंय. तक्रारदार असणं म्हणजे गुन्हेगार असणं नव्हे, असं बाईंनी त्याला सांगितलं. पण चारित्र्य पडताळणी कुणाच्या हातून होते हेही लपवलं नाही. घरी जाऊन चौघांनी बोला, आठ दिवसांनी या, मग ठरवू, असं म्हणाल्या. फक्त कॅमेऱ्याच्या चित्रणाचा अर्ज थांबवता येणार नाही. तो त्यांनी तिथल्या तिथे टाइप करून घेतला, आणि मुलानं तो दोनदा वाचून मग सही केली.