वेबपान घडते कसे, टिकते कसे

जळगाव जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ एका टॅबमध्ये आणि धुळ्याचे दुसऱ्या टॅबमध्ये उघडले, की दोघांचे नाते लगेच ध्यानात येते. वर जिल्ह्याचे नाव, खाली आडवी मेनूपट्टी, छायाचित्रांची मालिका, सूचनांचा रकाना आणि तळाशी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या नावासह शेवटच्या बदलाची तारीख. मजकूर मात्र ज्याचा त्याचा. एकाकडे पाटणादेवी आणि पद्मालय, तर दुसऱ्याकडे लळिंगचा किल्ला आणि एकवीरा देवी.

हे साम्य मुद्दाम साधलेले आहे. दोन्ही संकेतस्थळे एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एसथ्रीवास' या मंचावर उभी आहेत. संकेतस्थळ सुरक्षित असावे, गर्दी वाढली तरी कोलमडू नये आणि अपंग व्यक्तींनाही वापरता यावे, या तीन अपेक्षा धरून हा मंच तयार झाला. देशभरातले कितीतरी जिल्हे तो वापरतात. या पानांचा मूळ कोड पाहिला तर त्यात वर्डप्रेसच्या खुणा आढळतात. मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी मे २००३ मध्ये आणलेली ही मुक्त प्रणाली आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी किमान दोन चालवते.

अशा प्रणालीचे मर्म एका साध्या विभागणीत आहे. आपण पडद्यावर पाहतो ते पान त्या रूपात कुठेही साठवलेले नसते. मजकूर, शीर्षक, तारीख, लेखकाचे खाते, छायाचित्राचा पत्ता हे सारे डेटाबेसच्या वेगवेगळ्या रकान्यांत असते. रंग, अक्षरांचा आकार आणि मांडणी यांचा साचा वेगळा ठेवलेला असतो. कोणी पानाचा पत्ता उघडला, की सर्व्हर मजकूर उचलतो, साच्यात ओततो आणि तयार एचटीएमएल वाचकाच्या मोबाइलकडे पाठवतो. साचा बदलला की हजारो पानांचे रूप एकदम पालटते आणि मजकुराला धक्काही लागत नाही.

वाचणारा आणि लिहिणारा यांना एकच साधन असावे, ही कल्पना वेबच्या जन्मापासूनची आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या प्रयोगशाळेत लिहिलेला पहिला ब्राउझर पाने दाखवायचा आणि ती संपादितही करू द्यायचा. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांतून संपादनाची सोय गळाली आणि पान लिहिणे हे कोड जाणणाऱ्यांचे काम होऊन बसले. ती सोय सामान्य माणसाकडे परत आली ती मजकूर-संपादकांमुळे. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांच्या विकीने कोणालाही पान बदलू दिले. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसच्या पाचव्या आवृत्तीने परिच्छेद, चित्र, तक्ता असे सुटे ठोकळे रचून पान उभारण्याची पद्धत रूढ केली.

आता एक पान प्रत्यक्ष उभारून पाहू. विषय पाटणादेवीचा. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत हे स्थान आहे. तिथल्या मंदिरात शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. इतका ऐवज असलेले पान नीट उभे राहिले, तर चाळीसगावचा विद्यार्थी आणि गणिताच्या इतिहासाचा परदेशी अभ्यासक दोघेही तिथवर पोहोचतील.

संपादकात पहिला रकाना शीर्षकाचा. त्यात 'पाटणादेवी' असे लिहिले, की प्रणाली त्यावरून पानाचा पत्ता बनवते. इथेच देवनागरीचा पहिला हिशेब सुरू होतो. युनिकोडमध्ये या शब्दाची नऊ चिन्हे होतात, कारण प्रत्येक काना, मात्रा आणि वेलांटी स्वतंत्र मोजली जाते. वेबवर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन रोमन अक्षरे-अंक अशा तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे नऊ चिन्हांच्या 'पाटणादेवी'ला पत्त्यात ८१ खुणा लागतात. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० खुणांची मर्यादा घालते, तेव्हा लांबलचक मराठी शीर्षकाचा पत्ता साधारण २२ चिन्हांवर तुटतो. सरकारी शीर्षके 'जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अधिनस्त' अशी सुरू झाली, तर मुद्द्याचा शब्द येण्याआधीच पत्ता संपतो. म्हणून जाणता संपादक आपोआप बनलेला पत्ता तसाच सोडत नाही, आखूड आणि अर्थपूर्ण पत्ता स्वतः लिहितो.

पुढे मजकूर. 'कसे पोहोचाल', 'शिलालेख', 'जंगल आणि वन्यजीव' अशा उपशीर्षकांसाठी अक्षरे नुसती ठळक आणि मोठी केली, तर डोळ्यांना फरक जाणवणार नाही. यंत्राला मात्र तो फार मोठा असतो. 'उपशीर्षक' हा ठोकळा निवडला, तर एचटीएमएलमध्ये त्याची पातळी नोंदली जाते. दृष्टिहीन वाचकाचे पडदावाचक सॉफ्टवेअर त्या पातळ्यांवरून उड्या मारत हव्या त्या भागाशी जाते, आणि शोधयंत्रेही पानाचा सांगाडा त्यावरूनच ओळखतात. छायाचित्राबरोबरचा पर्यायी मजकूर याच कुळातला. तो रकाना रिकामा राहिला, तर पडदावाचक फाइलीचे नाव उच्चारते, नाहीतर गप्प राहते. 'पाटणादेवी मंदिराचे प्रवेशद्वार, मागे डोंगर' एवढ्या शब्दांनी ते चित्र ऐकता येते.

पानाच्या भाषेची नोंद हा आणखी एक न दिसणारा रकाना. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी छपाईत वेगळे दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक एकच आहेत. पान मराठी असल्याची खूण कोडमध्ये असेल, तर त्याची सोय असलेले फॉन्ट आपोआप मराठी वळण निवडतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देवनागरी लिपी आणि वर्णमाला प्रमाणित करताना ही मराठी वळणे निश्चित केली. ती पडद्यावर उमटण्यासाठी कोडमधली एवढीशी खूण लागते.

कचेऱ्यांत सर्वाधिक अडते ते कॉपी-पेस्टपाशी. श्री-लिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्या क्रमांकांनी साठलेला असतो, फॉन्ट फक्त त्यावर देवनागरी आकार चढवतो. तो वेबच्या संपादकात चिकटवला, की फॉन्ट मागेच राहतो आणि पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी उमटते. उपाय एकच: मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचा आणि नंतर प्रत्येक ओळ वाचून तपासायची. जोडाक्षरे आणि रफार अशा रूपांतरात हमखास चुकतात.

युनिकोडमध्येही एक खाचखळगा मराठीचा स्वतःचा आहे. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातला चंद्रकोरी र दोन प्रकारे टंकता येतो. एकात त्यासाठी नेमलेले ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, तर दुसऱ्यात साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडकचिन्ह येते. दोन्ही शब्द दिसायला हुबेहूब सारखे, पण अक्षरशः जुळवणी करणाऱ्या साध्या शोधाला ते दोन निराळे शब्द वाटतात. रावेरच्या केळी उत्पादकाने एका पद्धतीने शोधले आणि पान दुसऱ्या पद्धतीने टंकले असेल, तर असलेली सूचनाही हाती लागत नाही. कार्यालयातल्या सर्वांनी एकच कळफलक, शक्यतो इनस्क्रिप्ट, वापरला तर हा घोळ बराच कमी होतो.

या अडचणींना कंटाळून अनेक ठिकाणी सोपी वाट धरली जाते. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करायचा आणि पीडीएफ चढवायची. ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला, तर सुमारे ८७ लाख ठिपक्यांचे चित्र तयार होते. दाबून लहान केले तरी ते बहुधा काही शे किलोबाइटचे राहते. त्याच कागदावरची दोन हजार चिन्हे यूटीएफ-८ मध्ये अवघ्या सहा किलोबाइटांत मावतात. सातपुड्याच्या पायथ्याला मोबाइलची एखादीच रेघ दिसत असताना हा फरक पान उघडणे आणि न उघडणे इतका मोठा ठरतो. शिवाय ते चित्र असल्याने त्यातला शब्द शोधता येत नाही, पडदावाचकाला वाचता येत नाही, मोबाइलवर ओळी पडद्याच्या रुंदीला जुळत नाहीत. सहीचा कागद जोडायला हरकत नाही. पण योजना, पात्रता, अंतिम तारीख आणि अर्जाची जागा एवढा तरी मजकूर पानावर टंकलेला असायलाच हवा.

पान प्रसिद्ध झाले, की व्यवस्थापन सुरू होते, आणि खरी कसोटी लागते ती तिथे. खान्देशात याची उदाहरणे ठळक आहेत. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. साच्यात एका जागी नोंदलेले नाव बदलले की सर्व पानांच्या माथ्यावर ते बदलते, पण परिच्छेदांत हाताने टंकलेले जुने नाव एकेक शोधावे लागते. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, तेव्हा जळगावहून अजिंठ्याला जाण्याची वाट सांगणाऱ्या प्रत्येक पानावर तेच काम वाढून ठेवले गेले.

आकड्यांचेही तसेच. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचे धुळ्याचे आकडे आजच्या जिल्ह्याशी ताडता येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या २०,५०,८६२ आणि जळगावची ४२,२९,९१७ होती. पानावर आकड्याशेजारी वर्ष नसेल, तर वाचक तो आजचा समजतो.

प्रणाली या कामाला चांगली साथ देते. वर्डप्रेसमध्ये २००८ पासून प्रत्येक बदलाची आवृत्ती जपली जाते, त्यामुळे चुकून पुसलेला परिच्छेद परत आणता येतो आणि कोणी, केव्हा, काय बदलले हेही दिसते. मसुदा लिहिणारा आणि तो प्रसिद्ध करणारा यांचे अधिकार वेगळे ठेवता येतात. निविदा किंवा भरतीच्या सूचनेला आरंभ आणि अखेरची तारीख दिली, तर मुदत सरल्यावर ती चालू यादीतून हटते आणि संग्रहात जाते.

फाइलींबाबत मात्र सावध राहावे लागते. भरतीची जाहिरात दुरुस्त करून नवी पीडीएफ चढवली आणि पानावरचा दुवा बदलला, तरी जुनी फाइल सर्व्हरवर तशीच पडून राहते. शोधयंत्रातून किंवा व्हॉट्सॲपवर फिरलेल्या दुव्यातून उमेदवार त्याच जुन्या जाहिरातीवर जातो आणि चुकीच्या तारखेच्या भरवशावर राहतो. जुनी फाइल काढणे किंवा तिच्या पत्त्यावरून नव्याकडे वळण देणे हा दुरुस्तीचाच भाग आहे.

या साऱ्याला कायद्याचाही आधार आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि दरवर्षी अद्ययावत करायची असते. सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष त्यांत समाविष्ट आहेत. प्रत्येक संकेतस्थळासाठी एक वेब माहिती व्यवस्थापक नेमावा आणि त्याचा संपर्क संकेतस्थळावर द्यावा, असेही ती सांगतात.

तेव्हा यावल, साक्री किंवा शिरपूरच्या वाचकाला पानावर मुदत संपलेली योजना, तुटलेला दुवा किंवा न वाचता येणारा स्कॅन दिसला, तर तक्रार कुठे करायची हे ठरलेले आहे. पानाचा पूर्ण पत्ता, चुकीची ओळ आणि पानाच्या तळाशी असलेली शेवटच्या बदलाची तारीख एवढे तीन तपशील त्या व्यवस्थापकाला कळवले, तर कर्मचाऱ्याला ते पान संपादकात उघडून दुरुस्त करायला काही मिनिटे पुरतात.