फीमाफी कुणाला, कशी?

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग किंवा फार्मसीला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी पहिला प्रश्न फीचाच असतो. खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण माफी मिळते. त्यात आर्थिक दुर्बल घटक, मराठा आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुली येतात.

अट मात्र नीट वाचावी. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला हा लाभ नाही.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. उत्पन्न त्याहून जास्त असलं, तरी त्या विद्यार्थ्यांना फीमाफीची वेगळी योजना आहे. म्हणून ‘आपण बसत नाही’ असं परस्पर ठरवून अर्जच न करणं फार महागात पडतं. होस्टेलच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि फीची पावती आधीच काढून ठेवावी. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. एखाद्याची दोन बँकांत खाती असतील, तर आधार शेवटी जिथे जोडलं त्या खात्यात रक्कम जाते. जुनं, बंद पडलेलं खातं जोडलेलं राहिलं, तर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही अडकते. ही जोडणी बँकेत जाऊन अर्जाआधीच तपासून घ्यावी.