तयार गेमिंग संगणक घेताना : खोक्यात काय आहे आणि बिघडल्यास जबाबदार कोण?

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, इंदूर-भोपाळ महामार्गावर, कालीसिंध नदीच्या परिसरात सोनकच्छ हे तालुक्याचे गाव आहे. संगणकाच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ म्हणजे इंदूर, आणि ते तेथून सुमारे ६५ ते ७० किलोमीटरवर. तेथील एका परिचित मराठी कुटुंबाला मुलासाठी गेमिंग संगणक घ्यायचा आहे. बारावीनंतर ॲनिमेशन शिकण्याचा मुलाचा मानस आहे, त्यामुळे खेळ आणि अभ्यास दोन्ही एकाच यंत्रावर व्हावेत अशी अपेक्षा. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत : ऑनलाइन जाहिरातीतला अत्यंत स्वस्त ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’, नामांकित कंपनीचे तयार यंत्र, किंवा इंदूरच्या दुकानदाराने जुळवून दिलेले यंत्र. सत्तरी, सांगे किंवा काणकोणमधील पालकही याच पेचात सापडतात. शहरापासून दूर राहणाऱ्याला संगणक विकत घेणे सोपे झाले आहे. तो बिघडल्यावर दुरुस्त करून घेणे मात्र तितके सोपे नाही. म्हणूनच खरेदीचा निर्णय किमतीच्या आकड्यावर न घेता दोन प्रश्नांवर घ्यावा : आत नेमके कोणते भाग आहेत आणि त्यांची जबाबदारी कोणाची?

नावाला भुलू नये

सर्वांत स्वस्त पर्यायाची जाहिरात साधारणतः अशी असते : कोअर आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. यातला एकही शब्द खोटा नसतो, तरीही ग्राहक फसतो. ‘आय-सेव्हन’ हे एका मालिकेचे नाव आहे. प्रोसेसर किती जुना आहे हे त्यावरून कळत नाही. आय-सेव्हन २६०० हा प्रोसेसर २०११चा, तर ३७७० हा २०१२चा. कार्यालयांनी काढून टाकलेल्या यंत्रांतले असे प्रोसेसर रंगीत दिव्यांच्या नव्या कॅबिनेटमध्ये बसवून विकले जातात. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे असे यंत्र घरी येते तेव्हाच कालबाह्य झालेले असते.

ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. ‘४ जीबी’ हा स्मृतीचा आकडा आहे, वेगाचा नव्हे. २०१४ साली आलेले जीटी ७३० हे कार्ड ४ जीबी स्मृतीसहही मिळते, पण आजचे मोठे खेळ किंवा त्रिमितीय ॲनिमेशन त्याला पेलत नाही. नव्या कार्डांतही एकाच नावाखाली दोन वस्तू असू शकतात. आरटीएक्स ३०५० हे कार्ड २०२२मध्ये ८ जीबी स्मृतीसह आले. २०२४मध्ये त्याच नावाने आलेल्या ६ जीबीच्या आवृत्तीत गणन करणारे गाभे आणि स्मृतीचा मार्ग दोन्ही कमी आहेत. म्हणून जाहिरातीतल्या नावावर न थांबता पूर्ण मॉडेल क्रमांक मागावा.

न दिसणारे भाग

तयार यंत्रांत काटकसर होते ती बहुधा जाहिरातीत न झळकणाऱ्या भागांत. पहिला भाग पॉवर सप्लाय. त्यावर केवळ ‘५०० वॅट’ लिहिलेले असणे पुरेसे नाही; कंपनी, मॉडेल आणि वॉरंटी विचारावी. ‘८० प्लस’ ही खूण विजेच्या वापरातील कार्यक्षमता सांगते, टिकाऊपणाची हमी देत नाही. दुसरा भाग रॅम. १६ जीबीची एकच पट्टी बसवण्याऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्यास माहितीची ये-जा दोन मार्गांनी होते आणि अनेक खेळांत वेगाचा फरक जाणवतो.

तिसरा भाग मदरबोर्ड. नामांकित कंपन्यांच्या काही यंत्रांत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्या कंपनीच्याच विशिष्ट आकाराचे असतात. वॉरंटी संपल्यावर ते बिघडले तर बाजारातला सर्वसाधारण भाग तेथे बसत नाही. ‘हे भाग प्रमाणित एटीएक्स आकाराचे आहेत का?’ एवढा एक प्रश्न पुढचा मोठा खर्च वाचवू शकतो.

गावात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते. ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला गेले की असे यंत्र पडद्यावर काहीच दाखवत नाही आणि मुलाचा अभ्यासही थांबतो. दुरुस्ती केंद्र दूर असेल तर थोडे अधिक पैसे देऊन अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेणे शहाणपणाचे.

सध्याचे भाव

२०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी महागले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने चिप उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली. मायक्रॉन या कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा आपला व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. अशा काळात जुन्या साठ्यातले तयार यंत्र सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकते. उलट, किंमत तीच ठेवून रॅम निम्मी केलेली असण्याचीही शक्यता असते. त्यामुळे प्रत्येक भागाचा त्या दिवशीचा भाव कागदावर मांडून बेरीज करावी. तयार यंत्राची किंमत थोडी अधिक भरली तरी हरकत नाही. तो फरक जुळणी, चाचणी आणि सेवेचा मोबदला असतो. ती सेवा खरोखर मिळणार आहे का, हे मात्र पाहावे.

वॉरंटी आणि कायदा

‘एक वर्षाची वॉरंटी’ या शब्दांचे अर्थ अनेक आहेत. तंत्रज्ञ घरी येणार, की यंत्र सेवा केंद्रात न्यायचे? घरी येण्याची सेवा आपल्या पिनकोडला लागू आहे का? दुकानदाराने जुळवलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची त्या-त्या उत्पादकाची वॉरंटी वेगळी असते आणि काही भागांवर ती तीन वर्षे किंवा त्याहून अधिक असते. तिचा लाभ घेण्यासाठी जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचे नाव व अनुक्रमांक असावा. ‘गेमिंग पीसी, एक नग’ एवढेच लिहिलेले बिल स्वीकारू नये. विंडोज परवानाधारक आहे का, तेही बिलावरच नोंदवून घ्यावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता बंगळुरूचा असला तरी सोनकच्छच्या ग्राहकाला देवासमध्ये आणि काणकोणच्या ग्राहकाला गोव्यातच दाद मागता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. ई-वाणिज्य नियम, २०२०नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

खोके उघडल्यावर

खोके उघडतानाचे सलग चित्रीकरण करावे. प्रवासात धक्के बसून जड ग्राफिक्स कार्ड आपल्या जागेवरून सरकू शकते. काही विक्रेते त्यासाठी कॅबिनेटमध्ये फोम भरतात, तो यंत्र सुरू करण्यापूर्वी काढावा. नंतर ‘टास्क मॅनेजर’मध्ये प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची नावे बिलाशी ताडून पाहावीत. ‘जीपीयू-झेड’ हे मोफत साधन अनेक बनावट कार्डे ओळखून तसा इशारा देते. परतीची मुदत संपण्याआधी एखादा जड खेळ तासभर चालवून यंत्र बंद पडते का, हे तपासावे.

अखेरीस विजेची बाजू. घरातील सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा भार पेलतो. मोठ्या ग्राफिक्स कार्डाच्या यंत्राला तो अपुरा पडू शकतो. माळव्यात काळ्या मातीची धूळ, तर गोव्यात पावसाळी दमट हवा यंत्राला त्रास देते. कॅबिनेट जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये, पंख्यांच्या जाळ्या नियमित साफ कराव्यात आणि गडगडाट सुरू होताच प्लग काढून ठेवावा. हे सारे खर्चाच्या हिशेबात आधीच धरले, तर ऐपतीत बसणारे साधे यंत्रही चार-पाच वर्षे निर्वेध साथ देऊ शकेल.