वाफेचं धरण

मंचरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते विचारतात, पारगावचा भीमाशंकर आणि निवृत्तीनगरचा विघ्नहर हे आपले कारखाने उसाचं चिपाड जाळून साखरही करतात आणि वीजही विकतात. मग तालुक्याच्या रुग्णालयातल्या जनरेटरची उष्णता धुराड्यातून का जावी? तिच्यावर पाणी का तापवू नये?

प्रश्न फार नेमका आहे. कारखान्यात रस आटवायला लागणारी वाफ साधारण 120 ते 130 अंशांची असते. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधली वाफही 121 किंवा 134 अंशांची. एवढ्याशा तापमानासाठी कितीतरी कडक जाळ पेटवायचा, म्हणजे मधली सगळी उंची फुकट घालवायची.

उंची म्हणतो, कारण डिंभ्याचं धरण डोळ्यांपुढे आहे. हुतात्मा बाबू गेनू जलाशयातलं पाणी पायथ्याच्या वीजगृहातून उतरतं आणि मग कालव्याने शेतात जातं. शेताच्या वाट्याचं पाणी कमी होत नाही, वीज मात्र पदरात पडते. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने 1824 साली वाफेच्या इंजिनावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने धबधब्याचीच उपमा घेतली. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे पडते आणि त्या पडण्यातून काम मिळतं. त्याची एक चूक झाली. पाण्यासारखीच उष्णताही खाली सगळीच्या सगळी पोचते, असं त्याने धरलं. प्रत्यक्षात जेवढं काम मिळालं तेवढी उष्णता खर्ची पडते. ते पुढे ज्यूल आणि क्लॉसियस यांच्या कामातून स्पष्ट झालं. उपमा मात्र आजही कामाची आहे.

कारखान्याचं आधुनिकीकरण म्हणजे हे धरण उंच करणं. जुने बॉयलर चौरस सेंटिमीटरला 21 किंवा 32 किलो दाबाचे असत. साखरेबरोबर वीजही करणाऱ्या सहवीज प्रकल्पांत 67, 87, अगदी 110 किलोचेही बसतात. 110 किलोच्या बॉयलरची वाफ 540 अंशांच्या आसपास असते. टर्बाइन फिरवून ती रसापर्यंत येते तेव्हा दाब दोन-अडीच किलोवर आलेला असतो.

अशा प्रकल्पाच्या उद्घाटनाच्या बातमीत मेगावॅट छापून येतात. मला तिथे दर वेळी एक नाव राहून गेल्यासारखं वाटतं: नॉर्बर रिलियू.

न्यू ऑर्लिन्सला 1806 मध्ये जन्मलेल्या रिलियूचे वडील गोरे आणि आई आफ्रिकी वंशाची, पण गुलाम नसलेली स्त्री. तो पॅरिसला शिकला. लुइझियानाच्या मळ्यांवर तेव्हा गुलाम माणसं उकळता रस पळ्यांनी एका उघड्या कढईतून दुसरीत ओतत. आपल्या गुऱ्हाळाची काहील आठवा. एक किलो पाणी 30 अंशांवरून 100 वर न्यायला 70 किलोकॅलरी लागतात, त्याची वाफ करायला आणखी 540. शाळेत शिकलेला हा अप्रकट उष्मा चुलवणात सारलेल्या चिपाडातूनच येतो, आणि वाफेबरोबर आभाळात जातो. रिलियूने भांडं बंद केलं. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ त्याने दुसरं भांडं तापवायला नेली. दुसऱ्यात दाब कमी ठेवला, म्हणून तिथला रस कमी तापमानाला उकळला. तिसऱ्यात आणखी कमी. एकाच वाफेवर तीन भांडी! त्याची पेटंटं 1843 आणि 1846 ची. आज साखर कारखान्यांत अशी चार-पाच भांडी ओळीने उभी असतात. ज्या लुइझियानाला त्याने हे दिलं, तिथे वर्णामुळे त्याला बरोबरीने वागवलं गेलं नाही. तो फ्रान्सला परतला आणि 1894 मध्ये पॅरिसला वारला.

सहवीज प्रकल्पाची खरी कमाई मला रिलियूच्या भांड्यांत दिसते. जुन्या कारखान्यांत उसाच्या वजनाच्या निम्मी वाफ लागे; नीट बसवलेल्या कारखान्यात ती चाळीस टक्क्यांच्या खाली येते. वाचलेल्या वाफेमागे चिपाड उरतं, आणि त्यावर गाळप संपल्यावरही वीज करता येते.

आता रुग्णालय. डिझेल जनरेटरमध्ये इंधनातल्या उष्णतेची फार तर चाळीस टक्के वीज होते. बाकीची बरीचशी रेडिएटर आणि धुराड्यातून जाते. ती पकडता येते. रात्रंदिवस चालणाऱ्या गॅस इंजिनांवर मोठी रुग्णालयं ती पकडतातही. पण लाइट गेल्यावर तास-दोन तास चालणाऱ्या जनरेटरसाठी हा खर्च निघणार नाही. कालव्याला पाणी सतत सुटत असेल तरच पायथ्याशी टर्बाइन परवडतं. तालुक्याच्या रुग्णालयाने आधी गच्चीवर सौर बंब बसवावेत, वाफेच्या आणि गरम पाण्याच्या उघड्या नळांना उष्णतारोधक वेष्टण घालावं.

पत्रलेखकांना एक विनंती. अंघोळ, धुलाई, स्वयंपाक आणि ऑटोक्लेव्हला कोणत्या वेळी किती गरम पाणी, किती वाफ लागते, याची महिनाभर वही ठेवायला रुग्णालयाला सांगा. ती वही मला पाठवा. पुढचं गणित आपण मिळून करू.