डासाच्या पेशींचा पुणेरी वंश

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेवर लिहा, असे संपादकांनी सुचविले तेव्हा त्यांच्या मनात क्यासनूरच्या अरण्यात मरून पडलेली माकडे आणि करोनाची लस असणार, हे उघड होते. संस्थेचा अधिकृत इतिहासही अशाच मुक्कामांनी पुढे सरकतो. 1952 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ती विषाणू संशोधन केंद्र या नावाने स्थापिली, 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील त्या अरण्यात माकडांना मारणाऱ्या तापाचा विषाणू तिने हुडकला आणि 1978 साली तिला आजचे नाव मिळाले. माझे मन मात्र संस्थेच्याच दप्तरातील, 1967 साली ‘करंट सायन्स’मध्ये तेथील के. आर. पी. सिंग यांनी डासाच्या पेशींवर प्रसिद्ध केलेल्या एका छोटेखानी निबंधात अडकले.

विषाणू स्वतः काही खात नाही, स्वतःच्या बळावर वाढत नाही. जिवंत पेशीत शिरून तिच्याच सामग्रीतून तो आपल्या प्रती करवून घेतो, आणि म्हणून ज्याला विषाणूचा अभ्यास करावयाचा त्याला आधी पेशी पोसावी लागते. 1949 साली एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेबाहेरील मानवी ऊतकात वाढवून दाखविला व 1954 चे नोबेल पारितोषिक संपादन केले. तरीही कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या शोधकांची भिस्त पुढे कित्येक वर्षे उंदराच्या दूधपित्या पिलांवरच राहिली. रुग्णाचे रक्त पिलाच्या मेंदूत टोचावयाचे आणि ते आजारी पडते का याची वाट पाहावयाची, अशी ती क्रूर पण चोख वहिवाट होती.

सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासाच्या जातींच्या, अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांचे बारीक तुकडे करून ते मित्सुहाशी व मारामोरोश यांनी मुळात तुडतुड्यांच्या पेशींसाठी सिद्ध केलेल्या पोषकद्रवात, वासराच्या गर्भाचे सीरम घालून, वाढीस लावले. त्या तुकड्यांतील पेशी बाटलीच्या तळाशी वाढू लागल्या; जागा अपुरी पडली की त्यांतील थोड्या नव्या बाटलीत घालावयाच्या, आणि विरजण लावावे तसा हा क्रम चालू ठेवावयाचा. डासाच्या पेशींना 28 अंश सेल्सिअस पुरेसे असते आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या पेटीचा थाटही त्यांना नको असतो. अल्बोपिक्टसच्या या पेशींत डेंग्यू व चिकुनगुन्या यांचे विषाणू उत्तम वाढतात, हे लौकरच सिद्ध झाले. 1978 साली अकिरा इगाराशी यांनी त्यांतून एक उपवंश निवडला, तोच आज जगभर सी6/36 म्हणून प्रसिद्ध आहे. तो इतका आतिथ्यशील का, याचे एक कारण 2010 मध्ये उघडकीस आले: परक्या आरएनएचे तुकडे करणारी डासाची जन्मजात संरक्षणयंत्रणाच या पेशींत पंगू आहे. ज्या दुबळेपणामुळे जिवंत डासाला विषाणूचा प्रतिकार अवघड जावा, त्याच्याच बळावर रोगनिदानाचे हे साधन उभे आहे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

परंतु येथूनच काळजी सुरू होते. डासाची पेशी पुष्कळदा विषाणू वागवूनही सुदृढच दिसते, त्यामुळे प्रकाशमान प्रतिपिंडांची परीक्षा केल्यावाचून बाटलीत काय आहे ते कळत नाही. शिवाय काही पेशीवंशांत कीटकांचेच विषाणू मुळापासून, कोणाच्या गावी नसताना, मुक्काम ठोकून असतात. वारंवार बाटल्या बदलल्याने पेशींचा स्वभाव पालटतो, म्हणून मूळचा नमुना द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर, गोठवून ठेवावा लागतो. आणि सर्वांत बेमालूम संकट म्हणजे तोतयेगिरी. ऑस्ट्रेलियातील ग्रेस यांनी 1966 साली एडिस इजिप्तीच्या म्हणून जाहीर केलेल्या पेशी 1972 मध्ये विकरांच्या तपासणीत एका पतंगाच्या निघाल्या. त्याच शास्त्रज्ञाने पूर्वी वाढविलेल्या पतंगाच्या पेशींनी डासाच्या पेशींची जागा केव्हा बळकावली, हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. दरम्यान त्या पेशी डासाच्या समजून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष काय किमतीचे उरले, याचा हिशेब वाचकानेच करावा.

पेशींची ही चौकी रोज राखणारा, बाटल्यांवर तारीख व पिढीचा क्रमांक घालणारा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची प्रकृती पाहणारा तंत्रज्ञ निबंधाच्या शेवटच्या आभारापलीकडे क्वचितच पोचतो. नव्या विषाणूच्या शोधासाठी निधी मिळतो. जुन्या पेशींची ओळख पटवून त्या शुद्ध राखण्याचा खर्च मात्र अंदाजपत्रकात किरकोळ सदराखाली जातो, आणि तो तेथून काढून त्याला स्वतंत्र, कायमची तरतूद मिळावी, एवढीच या निमित्ताने संबंधितांना विनंती आहे.