निवाऱ्यातला एक रविवार: वेळापत्रक प्राण्यांचं, कारागिरी मुलांची

जखमी, म्हातारी, टाकून दिलेली जनावरं सांभाळणारा निवारा शहराबाहेर असतो आणि कलाकुसरीची हौस असलेली मुलं शहरात. नवी मुंबईतल्या कामोठ्याच्या एखाद्या सोसायटीने ठरवलं, तर या दोघांची गाठ घालून देणं अवघड नाही. जवळच्या मानसरोवर स्टेशनहून लोकल पकडली की मधे एक खांदेश्वर आणि पुढे पनवेल. तिथून एसटी किंवा रिक्षा. खरं काम प्रवासाच्या आधी सुरू होतं, कारण निवारा म्हणजे जनावरांचा दवाखाना आणि वृद्धाश्रम एकाच कुंपणात. तिथे दिवसभर चित्रं काढायची, शिवायचं, माती-रंगात हात घालायचे तर दोन नियम आधी मान्य करावे लागतात. दिवस प्राण्यांच्या वेळेने चालेल, आणि आपण जे बनवू ते त्यांच्या उपयोगाचं असेल.

असा दिवस महाराष्ट्राला नवा नाही. पोळ्याला, म्हणजे श्रावणी अमावस्येला, बैलाला कामातून सुट्टी असते. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जुवाने घासलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात. दुसऱ्या दिवशी आंघोळ, झूल, गोंडे, बाशिंग, शिंगांना रंग आणि पुरणपोळी. आधी दुखरा खांदा, मग सजावट, हा क्रम शहाणपणाचा आहे. निवाऱ्यातला दिवसही त्याच क्रमाने आखावा.

मोकाट आणि जखमी जनावरांना आसरा देण्याची मुंबईची परंपराही जुनी. १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा मुंबईत दंगा झाला, पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या घराण्याने पुढाकार घेऊन मुंबईचा पांजरापोळ उभा केला. आज सांगली-सोलापूर भागात ‘अ‍ॅनिमल राहत’ थकलेल्या बैलांची निवृत्ती सांभाळते, पुण्यात ‘रेस्क्यू’ जखमी जनावरांवर उपचार करते. या सगळ्या ठिकाणी हात नेहमीच कमी पडतात. मुलांचे हात तिथे उपयोगी पडू शकतात, त्यांना काम नीट लावून दिलं तर.

आठवडाभर आधी

निवाऱ्याला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: तुम्हाला काय हवं आहे, एका वेळी किती मुलं चालतील आणि कोणत्या जनावरांजवळ जायचं नाही. बहुतेकदा जुन्या सुती साड्या, चादरी, टॉवेल आणि वर्तमानपत्रं हवी असतात. मुलांची संख्या आपल्या अंदाजापेक्षा कमी सांगितली जाते. ती मान्य करावी. दोन तुकड्या करून दोन रविवारी जाणं बरं.

डब्याकडेही लक्ष द्यावं. आपल्या चिवड्यातले मनुके आणि कांदा, खाऊतलं चॉकलेट हे तिन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. मुलांनी आपला डबा जनावरांपासून लांब बसून खावा आणि स्वतःच्या हाताने कुणालाही काही भरवू नये.

सकाळ: आधी बघणं, मग काढणं

निवाऱ्यात सकाळी साफसफाई, ड्रेसिंग, औषधं आणि पहिलं खाणं असतं. ते उरकल्यावर, साधारण साडेनऊला पोचावं. पहिला तास चित्रांचा ठेवावा, कारण चित्र काढताना मूल गप्प बसतं, एका जागी राहतं आणि हात लावायला धावत नाही. नवख्या माणसाकडून जनावराला नेमकं एवढंच हवं असतं.

सुरुवात बैलापासून करावी. खाऊन झाल्यावर बैल बसतो आणि रवंथ सुरू होतो. गुरं दिवसातले सात-आठ तास रवंथात घालवतात, त्यामुळे इतका स्थिर मॉडेल कुठल्याही कला महाविद्यालयात मिळायचा नाही. मुलांना आधी पाच मिनिटं पेन्सिल खाली ठेवून नुसतं बघायला सांगावं. पोटातून घास वर येतो तेव्हा मानेच्या कातडीखालून एक गोळा सरकताना दिसतो. मग चाळीस-पन्नास वेळा जबडा आडवा फिरतो, घास खाली जातो, क्षणभर थांबून दुसरा वर येतो. नंतर कागदावर पाठीची एक रेघ, वशिंडाचा उंचवटा, गळ्याखालची लोंबती पोळी. मानेवर जुवाचा जुना घट्टा असेल तर तो चित्रात हमखास येतो, आणि मुलं आपणहून विचारतात, हे काय आहे? बैलाने काय काम केलं, त्याला इथे का आणलं, हे त्या प्रश्नाच्या उत्तरात सांगावं. वेगळं भाषण लागत नाही.

कुत्रं एका जागी बसत नाही. त्याची अर्ध्या मिनिटाची झटपट रेखाटनं करावीत: कान, शेपूट, पाठ, एवढंच. अशी दहा-बारा झाली की मुलांना कुत्र्याची भाषा कळू लागते. झोप आलेली नसताना जांभई, वारंवार ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, पायात घातलेली शेपूट या घाबरल्याच्या खुणा आहेत. त्या दिसल्या की दोन पावलं मागे यायचं. मांजरासमोर मात्र डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळ यायला जास्त तयार होतात.

कुणाला चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट रुग्णालय गाठायचं. हळद-चुना लावत बसायचं नाही. हे मोठ्यांपैकी एकाने आधीच स्वतःकडे घ्यावं.

दुपार: जनावरं झोपतात, हात चालतात

मोठं कुत्रं दिवसाचे जवळजवळ बारा तास झोपतं, त्यातली काही झोप दुपारची. अशा वेळी मुलांनी लांबच्या शेडमध्ये बसून वस्तू बनवाव्यात.

सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी चमकणारा गळपट्टा. कामोठ्याला खेटून सायन-पनवेल महामार्ग जातो. रात्री काळं कुत्रं गाडीवाल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रिफ्लेक्टर पट्टीत काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात. ते पडलेला प्रकाश इकडेतिकडे न उधळता जिकडून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणून हेडलाइट पडताच चालकाला पट्टा लांबून चमकताना दिसतो. जाड सुती पट्टीवर ही पट्टी शिवायची आणि टोकांना बक्कल न लावता वेल्क्रो लावायचा. पट्टा कुंपणात किंवा फांदीत अडकला तर झटक्यासरशी सुटला पाहिजे, नाहीतर तोच फास होतो. मोठ्या माणसाने एकदा जोरात ओढून बघावं. सुटला तरच तो पास. घालताना पट्टा आणि मान यांत दोन बोटं शिरायला हवीत. पिल्लांना पट्टा घालू नये, मान वाढते आणि पट्टा तेवढाच राहतो.

दुसरी वस्तू गोधडी. जुन्या साडीचे चार-पाच पदर, जवळजवळ धावदोरा, बस. आधी बटणं, हूक आणि जर काढून टाकायची, कारण जनावरं अंथरूण चावतात. लोंबता दोरा तर मांजरासाठी सुरीच. गिळला की आतडं चिरतो. खेळणं करायचं असेल तर जुन्या टी-शर्टच्या पट्ट्यांची वेणी घालावी, निळी किंवा पिवळी. कुत्र्यांना हेच दोन रंग नीट दिसतात. हिरवळीवर पडलेलं लाल खेळणं त्यांच्या डोळ्यांना मातकट दिसतं.

तिसरी वस्तू पाण्याचं भांडं. गणपतीमुळे शाडू मुलांच्या हाताला ओळखीचा असतो, पण शाडूची कच्ची वाटी पाण्यात विरघळते. म्हणून कुंभाराकडून भट्टीत भाजलेली पसरट भांडी आणावीत आणि गेरू-चुन्याने फक्त बाहेरून रंगवावीत. ही भांडी निवाऱ्यात ठेवायची नाहीत, मोकाट जनावरांसाठी कामोठ्याला परत न्यायची. प्रत्येकावर ती कोणत्या घराची ते लिहावं. त्या घराने पाणी रोज बदलायचं आणि आठवड्यातून एकदा भांडं आतून घासायचं. डेंग्यूचा डास साचल्या पाण्याच्या काठावर अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी भांड्याला चिकटून राहतात.

चार वाजता: वाचन आणि गाणं

उन्हं उतरली की बुजऱ्या कुत्र्यांच्या पिंजऱ्याबाहेर बसून हळू आवाजात गोष्टी वाचाव्यात, कुत्र्याकडे तोंड न करता, थोडं तिरकं बसून. अमेरिकेतल्या मिसूरीच्या ह्यूमेन सोसायटीत मुलं अशीच वाचतात. भेदरलेलं कुत्रं कोपरा सोडून पुढे येऊन बसलं की ते माणसांत मिसळू लागल्याचं निवाऱ्याला कळतं. संगीताचाही अभ्यास झाला आहे. बेलफास्टमध्ये २००२ साली दिसलं की शास्त्रीय संगीताने निवाऱ्यातली कुत्री शांत होतात आणि हेवी मेटलने भुंकू लागतात. ग्लासगो विद्यापीठाच्या २०१७ च्या पाहणीत असं आढळलं की एकच प्रकार सतत वाजवला तर परिणाम ओसरतो. तेव्हा आवाज बारीक आणि गाणी बदलती ठेवावीत. ढोल-लेझीम सोसायटीच्या मैदानासाठी राखून ठेवावं.

दत्तक देण्याजोग्या प्राण्यांचे फोटोही याच वेळी काढावेत: गुडघ्यावर बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून, फ्लॅश बंद ठेवून. काळ्या कुत्र्याला भर उन्हात उभं करू नये, सावलीत बाजूने उजेड घ्यावा. खाली मुलांनी दोन ओळी लिहाव्यात, कीव येईल अशा नकोत. “तीन पायांवर जिना चढते, अनोळखी माणसावर भुंकते, भाकरी आवडते” एवढं वाचून घरच्यांना ठरवता येतं.

निघताना

कुत्र्यांच्या पार्व्हो रोगाचा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलेच्या तळाला चिकटून घरच्या पिल्लापर्यंत पोचतो. म्हणून चपलांचे तळ ब्लीचच्या पाण्यात बुडवायचे, हात साबणाने धुवायचे, घरी पोचताच कपडे बदलायचे. मांजरांच्या खोलीत मात्र फिनेल नको. ते त्यांना विषारी असतं.

दिवस कसा गेला हे दुसऱ्या दिवशी निवाऱ्याला फोन करून विचारावं, आणि प्रश्न एवढाच असावा: रात्री सगळ्यांनी नेहमीसारखं खाल्लं का? दोन-तीन कुत्र्यांनी ताट तसंच ठेवलं असेल, तर पुढच्या रविवारची तुकडी निम्मी करायची.